पाचवं पातं

तात्या, तुम्ही गेलात आणि मला हायसं वाटलं. हे एवढं एक वाक्य लिहायला मला पंधरा दिवस लागले. विहारात पुण्यानुमोदनाच्या दिवशी एकेक जण उठून बोलत होता, कुणी डोळे पुसत होतं, आणि मी कोपऱ्यात बसून मनातल्या मनात म्हणत होतो, सुटलो बाबा, शिडीवरून पडून नाही गेले. घरात गेले, आपल्या बाजेवर, सकाळचा चहा पिऊन, काकीचा हात हातात धरून गेले. सत्तरीला टेकलेला माणूस दर पौर्णिमेला पवनचक्कीच्या मनोऱ्यावर चढतो आणि खाली पुतण्या दर पौर्णिमेला आ वासून उभा राहतो, हे पाच वर्षं चाललं होतं. तुम्हाला त्याचं काय! तुम्ही वरून ओरडायचात, "भान्या, तोंड मिट, माशी जाईल!" तेही पाण्याला आलेल्या सगळ्या बायकांच्या देखत. सोसायटीच्या सचिवाची काही अब्रू असते की नाही?

रागावू नका. रडलोही. पण चौथ्या दिवशी. मुरुमच्या बाजारात तुमच्या तंबाखूवाल्यानं मला बघून सवयीनं पुडी बांधायला घेतली आणि मग त्याचा हात मधेच थांबला. भर बाजारात मी लहान पोरासारखा हमसून हमसून रडलो. तंबाखूवाला बिचारा पाण्याचा तांब्या घेऊन धावला.

लिहायला बसलो ते एका गोष्टीसाठी. मी तुमच्याशी एकदा खोटं बोललो होतो. एकदाच, पण असं ठिकाण निवडून बोललो की गेली पाच वर्षं ते मला डाचत राहिलं. तुम्ही आजारी पडल्यावर सांगीन म्हणालो, तेही झालं नाही. आता सांगतो. पण माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे, सरळ मुद्द्यावर यायची आपल्याला सवय नाही.

बहात्तरच्या दुष्काळात आपण दोघं खडी फोडायच्या कामावर होतो. मी अठरा वर्षांचा, मॅट्रिकला गटांगळी खाल्लेला आणि अंगात मस्ती. तुम्ही आल्या आल्या घण उचलत नसायचात. आधी हातोडीनं धोंड्याला चार ठिकाणी टकटक करायचात, कान जवळ न्यायचात आणि म्हणायचात, "ह्यो आतनं उललाय, ह्याला दोन घाव बास. त्यो मुका हाय, त्याच्या नादी लागू नगंस." मी मुद्दाम त्या मुक्याच्याच नादी लागलो. दिवसभर घण घातला, तळहात सोलून निघाले, धोंडा जिथल्या तिथं. तुमची खडी उन्हं कलायच्या आत फोडून झाली होती. संध्याकाळी कामावर खायला मिळायची त्या सुकडीतली तुमच्या वाटणीची अर्धी तुम्ही मला दिलीत आणि एका शब्दानं बोलला नाहीत. बोलला असतात तर बरं झालं असतं.

तो कान तुमच्याकडं कुठून आला हे वस्तीत सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. आपल्या घराकडं पिढ्यान्‌पिढ्या हलगी होती. कुणाचं लग्न असो, दवंडी असो, देवीची मिरवणूक असो, बोलावणं आलं की हातातला घास टाकून जायचं. तुम्ही पोरवयापासून वाजवलीत. जाळावर हलगी शेकायची, चामड्यावर बोटं टाकायची आणि कुठल्या जागी ती महिन्याभरानं फाटणार ते आजच सांगायचं, अशी तुमची ख्याती होती म्हणे. मी ते बघितलेलं नाही. दीक्षा घेतलीत त्या आठवड्यात तुम्ही हलगी चुलीत घातलीत आणि त्यानंतर तुमच्यासमोर कुणी पत्र्याच्या डब्यावर ताल धरलेलाही तुम्हाला खपला नाही. मी एकदा धरला होता. गालावर पाच बोटं उमटली होती.

मग आली ती चक्की. पुन्हा पावसानं डोळे वटारलेले, सोसायटीच्या विहिरीचं पाणी खोल गेलेलं, वीज आली तर आली. कुठल्याशा संस्थेनं वाऱ्यावर पाणी उपसायची पवनचक्की आपल्या सोसायटीला वापरून बघायला दिली. उंच लोखंडी मनोरा, वर सहा पाती. पाती लाकडाची, त्यावर काचेच्या धाग्याच्या कापडाचा लेप आणि पांढराशुभ्र रंग. मी तेव्हा नुकताच सचिव झालेलो. आपल्या वस्तीतला पहिला. चेअरमन गावातले, मोठ्या मनाचे गृहस्थ, त्यांनीच मला खुर्चीवर बसवलं. पण मी रात्रंदिवस एकाच धास्तीत. काही बिघडलं तर लोक चक्कीला नावं ठेवणार नाहीत, म्हणतील, बघा, कुणाच्या हातात कारभार दिला!

उद्‌घाटनाला पाती खाली गोणपाटावर मांडून ठेवलेली होती, वर चढवायची होती. नारळ फोडायची वेळ आली तशी आपली माणसं नेहमीप्रमाणं बाजूला होऊन लिंबाखाली गेली. आपण नारळ फोडत नाही, फोडताना उभंही राहत नाही, हे गावाला माहीत. कुणी बोलावत नाही, कुणी राग धरत नाही. तुम्ही आणि मी पाठ फिरवून ओढ्याकडं तोंड करून उभे होतो. मागं आवाज झाला, टाळ्या पडल्या. तुम्ही चटकन मान वळवलीत.

"भान्या, नारळ कशावर फोडला रं?"

"दगडावर. आणखी कशावर फोडतात?"

"दगडावर न्हाय. लाकडावर फुटला. आन तीनदा आपटला."

"तात्या, पेढा घ्या," मी म्हणालो.

आपण वळेपर्यंत कुणीतरी पातं पुसून घेतलं होतं. कुठल्यावर फुटला ते कळायला मार्ग नव्हता, सगळी सारखीच पांढरी दिसत होती. सगळ्याच पात्यांना कुंकू लागलं होतं. पुढं कळलं, त्या झाडून लोटून स्वच्छ केलेल्या जागेत म्हणे एक दगड सापडेना, आणि यंत्राचा नारळ यंत्रालाच लागला पाहिजे असं चेअरमनांच्या मनानं घेतलं. आपल्यापैकी एक जण जरी तिकडं तोंड करून उभा असता तरी त्यांचा हात धरला असता. पण आपण आपली रीत पाळली, त्यांनी त्यांची पाळली. कुणाचं काही चुकलं असं त्या वेळी कुणालाच वाटलं नाही.

पहिलं वर्ष चांगलं गेलं. हौद भरायचा, तोट्यांना पाणी यायचं, बायका ओढ्यातला झरा उकरण्यातून सुटल्या. सगळं गाव खुश. एका तुम्हालाच चैन नाही. दुपारचं हौदाच्या कट्ट्यावर डोळे मिटून बसायचात. वारा मंद असला, चक्की हळू फिरत असली की बोटं दुमडत मोजायचात. पात्यांच्या बुडाशी आकडे रंगवलेले होते, आधी एकाचा आकडा नजरेनं धरायचात आणि मग डोळे मिटून. "एक, दोन, तीन, चार... हे बग. पाचव्याला सूर पडतुय." मला आधी वाटलं, म्हातारपण. मग वाटलं, तंबाखू. मग तुम्ही सोसायटीच्या ऑफिसात आलात आणि म्हणालात, मला वर जाऊन वाजवून बघायचंय, तेव्हा मात्र माझं डोकंच फिरलं.

"वाजवून? तात्या, तुम्ही? सगळ्या गावासमोर मनोऱ्यावर उभं राहून काडीनं ठोकणार?"

"मग कशानं ठोकू? डोस्क्यानं?"

"लोक काय म्हणतील कळतंय का? हलगी सोडली आणि चक्की वाजवायला लागले, असं म्हणतील! मी इथं सचिवाच्या खुर्चीवर बसलोय. चार वर्षं राबून ही खुर्ची मिळवलीय."

"खुर्चीला काय हुतंय? खाली बाया उभ्या ऱ्हात्यात, भान्या. पातं तुटलं तर खुर्चीवर न्हाय पडायचं. त्यांच्या डोस्क्यावर पडंल."

"काही तुटत नाही!"

"म्या वाजवायला न्हाय जात लेका. ऐकाया जातुय."

मी ओरडलो, "नाही म्हणजे नाही!" ऑफिसातला शिपाई बाहेर पळाला. तुम्ही उठलात, टोपी झटकलीत आणि निघून गेलात. आपल्या त्या भांडणाचा शेवट अजून झालेला नाही, तात्या. तुम्ही बरोबर होतात हे सिद्ध झालं, पण माझं म्हणणंही अगदीच टाकाऊ नव्हतं. ज्यांना हलगी वाजवायला कुणी कधी बोलावलंच नाही त्यांना ती भीती कळायची नाही. तुम्हाला कळायला हवी होती, आणि कळली होती असंच मला आज वाटतं. तरी तुम्ही वर जाणारच होता, याचाच मला राग यायचा.

मी माझ्या परीनं काम केलं. अर्ज लिहिला, जिल्ह्याहून एक साहेब जीप घेऊन आले. चांगले होते, शिडी चढले, सगळ्या पात्यांवरून हात फिरवला, भिंग लावून बघितलं. म्हणाले, कुठंही तडा नाही. तुम्ही खाली हात जोडून उभे. "साहेब, जरा वाजवून बगा की." साहेब हसले, "बाबा, हे काय मडकं आहे?" आणि तात्या, मीही हसलो. खो खो हसलो, साहेबांपेक्षा मोठ्यानं. त्या हसण्याची मला आजही शरम वाटते. साहेबांनी लेखी दिलं, ते मी ऑफिसच्या भिंतीला डकवलं आणि तुमच्याकडं बघितलं. तुम्ही बाहेर जाऊन थुंकलात. तंबाखूच थुंकलात, पण मला लागायचं ते लागलं.

मग पंधरा दिवस अबोला. म्हणजे तुमचा माझ्याशी. माझ्या बायकोशी तुमचं बोलणं चालूच होतं आणि माझ्यासमोरच चालू असायचं. "कमल, सचिवांना म्हणावं, कडी घालून घ्या, कुत्रं आत शिरतंय." मी समोर दोन हातांवर बसलेलो. कमलही सोंगाडी, ती मला म्हणायची, "अहो सचिव, मामंजी म्हणत्यात, कडी घाला." तिला तेव्हा सातवा महिना होता. हसताना पोट धरायची.

त्या वर्षी आषाढ कोरडा गेला. ढग नाही, थेंब नाही, नुसता वारा. पत्रे उडून जात होते. चक्की अशी गरगरत होती की पाती दिसायची नाहीत, नुसतं पांढरं कडं दिसायचं. हौद भरून वाहायचा आणि सगळं गाव त्या एका हौदावर. बायकांची रांग बरोबर मनोऱ्याखाली, कारण तोट्यांपाशी सावली म्हणून तेवढीच. एका सकाळी कमल घागर घेऊन निघाली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "तू जाऊ नको पाण्याला."

"का? मला काय झालंय?"

"नको म्हटलं ना. कुणाला तरी सांगतो आणायला."

ती दारात थांबली. माझ्याकडं बघत राहिली. "कुणाला सांगता? शेजारच्या सरूबाईला? म्हंजी सरूबाई त्याच्या खाली उभी ऱ्हायली तर चालतंय व्हय?"

साहेबांचं कागदपत्र भिंतीवर होतं, माझा त्यावर विश्वास होता असं मी सगळ्यांना सांगत होतो, आणि माझ्या बायकोला मात्र त्याच्याखाली जाऊ देत नव्हतो. इतका हलकटपणा मी आयुष्यात दुसरा केला नाही. कमल घागर तिथंच ठेवून सरळ तुमच्या घरी गेली. तिनं तुम्हाला काय सांगितलं ते मी कधी विचारलं नाही.

दुपारी आरडाओरडा ऐकून मी ऑफिसातून पळत आलो. तुम्ही खालची साखळी ओढून चक्की थांबवली होती आणि शिडीवर निम्म्यात पोचला होता. धोतराचा काचा मारलेला, तोंडात बाभळीची सोललेली काडी धरलेली. खाली सरूबाईचा पट्टा सुरू, "अवो पाणी बंद केलं ह्या म्हाताऱ्यानं! चार घागरी हायत माज्या!" चार टारगट पारावरून उठून आले होते. त्यातला एक ओरडला, "लागली बघा हलगी वाजायला!" मी ज्याला भीत होतो ते झालं, अगदी तेच शब्द. तुम्ही ऐकलंत. तुमचा पाय एका पायरीवर थांबला, तेवढाच. मग पुन्हा चढू लागलात.

मी तुमच्या मागून चढलो ते तुम्हाला ओढून खाली आणायला. खोटं कशाला सांगू, दोन शिव्याही तयार ठेवल्या होत्या. वर फळीवर पोचलो तर वाऱ्यानं तोंडातून शब्द बाहेर येईना. तुम्ही हातानं चाक फिरवून एकेक पातं खाली घेत होता आणि बुडापासून टोकापर्यंत काडीनं ठोकत चालला होता. ठण, ठण, ठण. एक झालं, दोन झालं, तीन, चार. मग पाचवं घेतलंत. तुम्ही माझ्याकडं बघितलं नाहीत. माझा हात धरलात, पंजा पात्यावर दाबलात आणि माझं डोकं त्याच्याजवळ ओढलंत. ठण, ठण... बद्द.

बद्द. भिजलेल्या पोत्यावर मारल्यासारखं. एक वीतभर जागा होती, तिच्यापुढं पुन्हा ठण. वरून रंग चकचकीत, केसाएवढी रेघ नाही.

तुम्ही म्हणालात, "ऐकलंस?"

खाली सगळं गाव मान वर करून उभं होतं. ते टारगट हसत होते. साहेबांनी लेखी दिलेलं होतं. आणि मी म्हणालो, "मला काही कळत नाही, तात्या. सगळं सारखंच वाजतंय."

हेच ते खोटं. मला ऐकू आलं होतं. स्वच्छ ऐकू आलं होतं.

चाकाला दोर बांधलात, फळीवर मांडी घालून बसलात आणि म्हणालात, "जा खाली. चेअरमनला सांग, हे पातं उतरल्याबिगर म्या उतरत न्हाय." आणि बसलात की हो! भर दुपारी त्या वाऱ्यात तुम्ही वर, आणि खाली गाव गोळा. काकी येऊन तुम्हाला हवं तसं बोलल्या. तुम्ही वरून म्हणालात, "भाकरी बांधून दे आदी, मग बोल." सरूबाईनंच मग भाकरी बांधली, तुम्ही सोडलेल्या दोराला फडकं बांधलं आणि म्हणाली, "खावा आन बसा वर, घुबडावानी!" चेअरमन आले. त्यांनी मला विचारलं, "भानुदास, तू वर गेला होतास, काय वाटतं?" मी जमिनीकडं बघत म्हणालो, "उतरवून बघायला हरकत नाही." इतकं मात्र बोललो. माझ्या हातून त्या दिवशी झालेलं चांगलं काम म्हणाल तर एवढंच.

उन्हं कलताना पातं खाली आलं. सुतारानं तुम्ही दाखवलेल्या जागी पटाशी लावली आणि वरचा लेप पापुद्र्यासारखा सोलून आला. आतलं लाकूड काळं पडून भुसभुशीत झालेलं. आदल्या पावसाळ्याचं पाणी कुठून तरी आत मुरलं होतं आणि चीर जवळजवळ आरपार गेली होती. सुतारानं बोट घातलं, ते पेरापर्यंत आत गेलं. चेअरमन मटकन खाली बसले. "अरे देवा," ते म्हणाले, "नारळ म्या ह्याच्यावरच फोडला हुता. फुटंना म्हणून तीनदा आपटला." त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. तुम्ही त्यांच्या पाठीवर हात ठेवलात आणि म्हणालात, "कुणाला लागलं न्हाय न्हवं? मग उठा, च्या पाजा." सरूबाई पदर तोंडाला लावून रडत होती. मी घरी गेलो, कमलला जवळ घेतलं. असं सुटल्यासारखं मला तोवर कधी वाटलं नव्हतं.

नवं पातं यायला आठ दिवस लागले. तोवर चक्की बंद. बायकांनी आठ दिवस दोरानं पाणी ओढलं आणि आठही दिवस आपल्या दोघांना शिव्या घातल्या. तुम्ही त्यांच्याबरोबर दोर ओढलात. मीही ओढला. तुमचं माझं बोलणं सुरू झालं ते तिथं, विहिरीच्या काठावर. तुम्ही म्हणालात, "जोर लाव की सचिव, पगार घेतूस ना?"

त्यानंतर तुम्ही रीतच पाडलीत. पौर्णिमेला सकाळी विहारात वंदना झाली की पांढऱ्या कपड्यांनिशी सरळ मनोऱ्यावर. ते टारगट शिडी धरायला यायला लागले. हलगीचं नाव परत कुणी काढलं नाही. आपले चेअरमन कुठंही नारळ फोडला की लांबूनच तुम्हाला हाक मारायचे, "तात्या, कशावर फुटला?" आणि तुम्ही पाठ फिरवलेली तशीच ठेवून सांगायचात, "उंबऱ्यावर. आन नासका हाय." एकदा खरंच नासका निघाला. मी तुम्हाला एकदा घाबरत घाबरत विचारलं, एवढं सगळं सोडलं होतं, काडी हातात धरताना काही वाटलं नाही का? तुम्ही तंबाखूची चिमूट तोंडात टाकलीत. मग म्हणालात, "लई वाटलं." पुढं मी विचारलं नाही. आता वाटतं, विचारायला हवं होतं.

गेल्या महिन्यात तुम्ही अंथरूण धरलंत. मी रोज संध्याकाळी यायचो, आज सांगायचंच असं ठरवून यायचो आणि उसाचा, पावसाचा, पोराच्या शाळेचा विषय काढून परत जायचो. शेवटच्या सोमवारी तर "तात्या, त्या दिवशी वर..." इथपर्यंत आलो होतो. तुम्ही डोळे उघडलेत आणि म्हणालात, "उशाला पानी ठिव." मी पाणी ठेवलं. मंगळवारी सकाळी तुम्ही गेलात.

पुण्यानुमोदनाचं जेवण झाल्यावर काकी भांडी आवरत होत्या. मला राहवलं नाही. मी त्यांना सगळं सांगून टाकलं. मला ऐकू आलं होतं आणि मी नाही म्हणालो, आणि हे तात्यांना कधी कळलं नाही. काकींनी हातातलं पातेलं खाली ठेवलं.

"कळलं न्हाय? कुणी सांगितलं तुला? त्याच राती मला म्हणले हुते. भान्याचा हात म्या पात्यावर दाबून धरला हुता, बद्द वाजलं तसा हात दचकला. तोंडानं न्हाय म्हणलं पोरगं, पर कान चांगला हाय त्येचा. आता फिकीर न्हाय म्हणले, माज्या मागं हाय कुणीतरी."

"मग मला का नाही बोलले? पाच वर्षं?"

"म्या बी म्हणलं, बोला त्याला. तर म्हणले, नगं. बोललं तर लाजंल, आन लाजला तर वर चढायचा न्हाय."

तात्या, मी तिथंच भिंतीला टेकून बसलो. हसत होतो की रडत होतो ते काकींना विचारा. पाच वर्षं मी हे ओझं घेऊन तुमच्या पायाशी येऊन बसायचो आणि तुम्ही सगळं जाणून मला म्हणायचात, तोंड मिट, माशी जाईल! असं छळतात का माणसाला? पण काय सांगू, छातीवरचा धोंडा उतरला. तुमची मेहेरबानी मोठी आहे.

काल पौर्णिमा होती. विहारातून निघालो आणि मनोरा चढलो. माझे गुडघे तुमच्यापेक्षा वाईट आहेत हे मला कालच समजलं. खाली पाण्याला आलेल्या बायका होत्या, सरूबाई होती, कमल होती. यंदाही पावसाचं काही खरं नाही, हौदावर सगळ्यांचा जीव. मी पहिलं पातं ठोकलं. ठण, ठण, ठण, टोकापर्यंत. दुसरं घेतलं. बुडापासून हातभर वर गेलो आणि माझा हात थांबला. पुन्हा ठोकलं. पुन्हा. रंग चकचकीत, कुठं रेघ नाही. तुम्ही शेजारी नव्हतात, माझा पंजा दाबून धरायला कुणी नव्हतं. चूक असेल तर आठ दिवस बायकांना दोर ओढायला लावून मी गावाच्या शिव्या खाणार, आणि या वेळी एकटाच खाणार.

"काय म्हणतंय वो सचिव?" सरूबाई खालून ओरडली.

"दोन नंबरचं बद्द बोलतंय!" मी जेवढा आवाज होता तेवढ्यानं ओरडलो. "चक्की बंद! सगळ्यांनी लांब व्हा!"

"तुमाला बी ऐकाया येतंय व्हय?"

"व्हय! येतंय!"

कुणी वाद घातला नाही. घागरी उचलून सगळ्या लांब झाल्या. उद्या सुतार येतोय, पातं खाली उतरवतोय. आत काही निघालं नाही तर गाव महिनाभर हसेल. हसू दे. मला ऐकू आलं, तात्या.